सॅम रॉकवेलचा उन्हाळा

जुन्या स्टेशन वॅगनच्या अगदी शेवटच्या, मागे तोंड केलेल्या सीटवर चौदा वर्षांचा डंकन बसला आहे. आई पुढे झोपली आहे. गाडी चालवणारा ट्रेंट, म्हणजे आईचा नवा प्रियकर, आरशातून त्याला विचारतो, एक ते दहामध्ये तू स्वतःला किती गुण देशील? पोरगं टाळाटाळ करतं आणि शेवटी पुटपुटतं, सहा. ट्रेंटच्या मते तो तीनच्या लायकीचा आहे, आणि असं का वाटतं तेही तो शांतपणे समजावून सांगतो.

२०१३ साली आलेल्या 'द वे वे बॅक' या अमेरिकी चित्रपटाची ही सुरुवात. हा प्रसंग काल्पनिक नाही. सहलेखक आणि सहदिग्दर्शक जिम रॅश चौदा वर्षांचा असताना मिशिगनला सुट्टीसाठी जाताना त्याच्या सावत्र वडिलांनी त्याला हेच विचारलं होतं आणि आकडेही हेच होते. रॅश आणि त्याचा जोडीदार नॅट फॅक्सन मूळचे विनोदी नट. अलेक्झांडर पेनसोबत लिहिलेल्या 'द डिसेंडंट्स'च्या पटकथेसाठी दोघांना २०१२ मध्ये ऑस्कर मिळालं. डंकनची पटकथा मात्र त्याआधीची आणि कित्येक वर्षं पडून राहिलेली. अखेर २०१२ च्या उन्हाळ्यात दोघांनी ती स्वतःच दिग्दर्शित केली.

गोष्ट तशी ओळखीची आहे. समुद्रकाठचं घर, घटस्फोटित आई, बुजरा मुलगा, शेजारची मुलगी आणि रात्रभर दारू पिऊन मुलांपेक्षाही पोरकटपणे वागणारी मोठी माणसं. लिअम जेम्सने डंकन खांदे पाडून, मान खाली घालून, फारच प्रामाणिकपणे उभा केला आहे. शेजारच्या बेटीच्या भूमिकेत अ‍ॅलिसन जॅनी धमाल करते. तरीही चित्रपट इतकाच असता, तर तो एक नीटनेटका, बरा चित्रपट ठरला असता आणि विसरलाही गेला असता.

मग ओवेन येतो.

ओवेन हा 'वॉटर विझ' नावाच्या वॉटरपार्कचा व्यवस्थापक. पिझ्झाच्या दुकानात तो पॅकमॅन खेळत असतो. या खेळाचे ठरावीक मार्ग पाठ करून जिंकता येतं, पण ओवेनला ते मार्ग जाणून घ्यायचेच नाहीत. सॅम रॉकवेल ही भूमिका तोंडाचा पट्टा न थांबवता करतो. वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू होतं, आणि चेहऱ्यावर मात्र अत्यंत गंभीर भाव. डंकन पार्कात एकटाच बसलेला दिसतो तेव्हा ओवेन त्याला सांगतो, तुझ्याबद्दल तक्रारी आल्या आहेत, तू फारच मजा करतो आहेस, लोकांना अवघडल्यासारखं होतंय, तुला आता जावं लागेल. डंकन मुकाट्याने उठून निघायला लागतो! आपण नकोसे आहोत म्हणून हाकललं जाण्याची सवय झालेल्या मुलाला यात विनोद आहे हेच कळत नाही. रॉकवेलच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे घडतं ते पाहण्यासारखं आहे. या मुलाचं काय झालं आहे हे त्याला उमगतं, आणि तरीही तो दया दाखवत नाही. मस्करी चालली होती एवढं सांगतो आणि पुढची मस्करी सुरू करतो. पुढे डंकनला नोकरी देतो, टोपणनाव देतो, जमावासमोर नाचायला लावतो.

नोकरी देणं हेच महत्त्वाचं. ट्रेंट मुलाला सतत सुधारायला बघतो, ओवेन त्याला काम देऊन मोकळा होतो. खुर्च्या लाव, कचरा उचल, घसरगुंडीवर अडकलेल्या माणसाकडे बघ. काम आहे म्हटल्यावर खांदे आपोआप वर येतात, आणि हे दिग्दर्शकांनी संवादांत न सांगता जेम्सच्या चालण्यातून दाखवलं आहे.

रॉकवेलने ही भूमिका घडवताना बिल मरेकडे पाहिलं, हे त्याने स्वतः सांगितलं आहे. १९७९ च्या 'मीटबॉल्स'मध्ये मरेने उन्हाळी शिबिराचा वात्रट प्रमुख रंगवला होता, आणि तिथेही एका एकट्या पडलेल्या मुलाला त्याने पंखाखाली घेतलं होतं. मरेची ती पहिलीच मोठी नायकाची भूमिका. रॉकवेलने त्यातली बेफिकिरी उचलली आणि तिच्यात थकवा मिसळला. ओवेनची सहकारी केटलिन (माया रूडॉल्फ) पार्कचं सगळं खरं काम उरकते आणि त्याच्या बेजबाबदारपणाला कंटाळली आहे. तिच्यासमोर ओवेनचे विनोद अपुरे पडतात, आणि ते त्यालाही कळतं. शेवटाकडे डंकन घरी जायला तयार नसतो, तेव्हा रॉकवेलचा वेग एकदम उतरतो. स्वतःच्या कडक शिस्तीच्या वडिलांबद्दल तो दोन वाक्यं बोलतो आणि ट्रेंटने दिलेला तो आकडा ट्रेंटचाच आहे, तुझा नाही, हे मुलाला पटवतो. तासभर बडबडलेल्या नटाने अशा वेळी किती कमी करावं, याचा हा धडाच आहे.

स्टीव्ह कॅरेलचंही श्रेय मोठं. 'द ऑफिस'मधून घराघरात लाडका झालेला हा नट इथे गोड आवाजात दुखावणारा ट्रेंट होतो, एकदाही प्रेक्षकांची सहानुभूती मागत नाही. तो इतका खरा नसता, तर ओवेन नुसता विदूषक वाटला असता.

एक गोष्ट मात्र खटकते. घसरगुंडीच्या माथ्यावर मुलींना मुद्दाम थांबवून न्याहाळण्याचा प्रसंग चित्रपट गंमत म्हणून खपवतो. तो कर्मचारी खुद्द फॅक्सननेच रंगवला आहे. मुलाचा अपमान इतक्या हळुवारपणे समजून घेणाऱ्या लेखकांना त्या मुलींचं अवघडलेपण दिसू नये, हे पटत नाही.

वॉटर विझ खरोखर अस्तित्वात आहे, मॅसॅच्युसेट्समधल्या ईस्ट वेअरहॅमला. पार्क चालू असतानाच तिथे चित्रीकरण झालं, त्यामुळे पडद्यावरच्या गर्दीला खऱ्या सुट्टीचा वास आहे. सुमारे ५० लाख डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत २ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. ऑस्करच्या यादीत मात्र त्याचं नाव कुठेच नव्हतं. रॉकवेलला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं ते २०१८ मध्ये, 'थ्री बिलबोर्ड्स'मधल्या हिंसक, वर्णद्वेषी पोलिसासाठी. ते काम उत्तमच आहे, पण ओवेन त्याहून अवघड होता, कारण चांगुलपणा रंजक करून दाखवणं नटांना क्वचितच जमतं. घरात तेरा-चौदा वर्षांचं मूल असेल, तर हा चित्रपट त्याच्या शेजारी बसून पाहा, आणि संपल्यावर लगेच त्याला काही विचारू नका.