पिशवी तिची, अपील डॉक्टरचं

"डॉक्टरच्या विरुद्ध कुठे जायचं असतं का हो, ताई?" केंद्रात आलेल्या एकीनं मला विचारलं. वय ३१. अंगावरून पांढरं जात होतं, एवढंच. "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" असं सांगितलं गेलं, म्हणून कानातलं मोडून तिनं ऑपरेशन केलं. नंतर कागद मागितले तर दवाखान्यानं महिनाभर फिरवलं. २००२ च्या नियमांप्रमाणे ते ७२ तासांत द्यावे लागतात. तिचं सोडा, एमएसडब्ल्यूच्या वर्गात मलाही हे कुणी सांगितलं नव्हतं.

तर, जायचं असतं. राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे. गैरवर्तन सिद्ध झालं तर ती डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काही काळ किंवा कायमचं काढू शकते. तक्रारीचा निकाल ६ महिन्यांत लावावा, असंही त्याच नियमांत आहे. पण निवाडा करणारे बहुतेक डॉक्टरच. आणि २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचं कलम ३० वाचा. कौन्सिलच्या कारवाईवर अपील कुणी करायचं? डॉक्टरनं. जिची पिशवी गेली तिचा त्यात उल्लेखच नाही!

गर्भलिंगनिदानाविरुद्ध आपण लढलो, म्हणून त्या कायद्यात आज कलम २३ आहे: डॉक्टर पहिल्यांदा दोषी ठरला तर ५ वर्षं नाव बाद. मग गर्भाशयाच्या बाबतीत आपण गप्प का?

प्रत्येक गटानं आपल्या राज्याच्या कौन्सिलला माहितीच्या अधिकाराखाली विचारावं: तक्रारी किती आल्या, निकाल किती लागले, किती महिन्यांनी? आमचा अर्ज तयार आहे. तिची तक्रारही लिहायला घेतली आहे.