मित्रत्वाची चौवार्षिक कसोटी

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष तेथील मतदार निवडतात. परंतु त्या निवडीचे परिणाम पुष्कळदा कोरियासारख्या दूरच्या देशाला भोगावे लागतात. आशियाई मित्रांनी संरक्षणाचा भार प्रामुख्याने स्वतः उचलावा, असे निक्सन यांनी १९६९ साली सुनावले आणि १९७१ मध्ये दक्षिण कोरियातून सुमारे २० हजार सैनिक माघारी नेले. १९७७ साली सत्तेवर आलेल्या कार्टर यांनी तर उरलेले भूदलही टप्प्याटप्प्याने हलविण्याचा चंग बांधला. उत्तर कोरियाचे सैन्यबळ पूर्वीच्या अंदाजाहून मोठे असल्याचे आढळल्यावर, जुलै १९७९ मध्ये ही माघार स्थगित झाली. १९८१ साली रेगन यांनी तो विचारच मोडीत काढला.

एका तपात तीन पवित्रे! अशा अनिश्चिततेत पार्क चुंग-ही यांच्या सरकारने गुप्तपणे अण्वस्त्रांचा मार्ग चाचपून पाहिला, यात नवल ते कोणते? ही रीत पुढेही सुटली नाही. जून २०१८ मध्ये सिंगापूर येथे किम जोंग-उन यांना भेटल्यानंतर ट्रम्प यांनी संयुक्त लष्करी कवायती थांबविण्याची घोषणा केली, तेव्हा खुद्द सेऊललाच तिचा अर्थ विचारत बसावे लागले.

१९५३ चा संरक्षण करार कागदावर अबाधित आहे. विश्वास मात्र दर चार वर्षांनी नव्याने कमवावा लागतो. धोरण बदलण्याचा अधिकार वॉशिंग्टनला निःसंशय आहे. परंतु ज्याच्या उंबरठ्यावर शत्रू उभा आहे, त्या मित्राला आधी विश्वासात घेणे हे महासत्तेचे औदार्य नव्हे, कर्तव्य आहे.