अंगावरचा दागिना

आमच्या धाकट्या जाऊबाई गेलीं सहा वर्षें घरच्या घरीं मोत्यांचे दागिने करतात. तन्मणी, चिंचपेटी, कुड्या, नथ. मोती निवडण्यापासून तार वळण्यापर्यंत सारें काम हातचें. ओळखीच्या घरांतून मागणी येई तोंवर सर्व सुरळीत होतें. पुढें दूरगांवचीं गिऱ्हाइकें मिळूं लागलीं आणि त्यांच्याबरोबर छायाचित्रांचा प्रश्न आला. हिरव्या मखमलीवर दागिना मांडावा, मोबाइलनें चित्र काढावें व पाठवून द्यावें, असा क्रम होता. गेल्या दिवाळीच्या सुमारास एका बाईंनीं तन्मणी परत पाठविला. सोबत चिठी होती: "चित्रांत खोड चांगलें भरघोस दिसलें, प्रत्यक्ष पाहतें तों बोराएवढें! शिवाय माझ्या गळ्यांत तें भलत्याच जागीं येतें." जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. लबाडी त्यांनीं केली नव्हती, मखमलीनें केली होती. मापाला शेजारीं कांहींच नसलें म्हणजे बोर काय आणि आवळा काय, चित्रांत दोन्ही सारखींच.

तेव्हां दागिना माणसाच्या अंगावर घालूनच चित्र काढावयाचें असें ठरलें. ठुशी व चिंचपेटी गळ्याला लगटून बसतात, तन्मणी खालीं उतरतो, बुगडी कानाच्या वरच्या कडेला असते. हें पेटींतल्या दागिन्यावरून आजच्या मुलीला कळावें तरी कसें? माझ्या भावाची मुलगी महाविद्यालयांत शिकते. तिनें आनंदानें मान पुढें केली.

पहिला प्रयोग भर दुपारीं गच्चीवर झाला. ऊन भरपूर, तेव्हां चित्र उत्तम येणार, ही आमची समजूत. आलें तें असें: मणी पांढरे फटक, डोळे मिटलेले, आणि नथीची सांवली ओठावर अशी पडलेली कीं, मुलीला मिशी फुटल्याचा भास व्हावा. ती स्वतःच पोट धरून हंसली. दुसरा प्रयोग रात्रीं, मोबाइलच्या दिव्याच्या झोतांत केला. त्यांत प्रत्येक मोत्यावर एक टोचरा ठिपका तेवढा उमटला आणि मोत्याचें पाणी नाहींसें झालें.

तिसऱ्या खेपेस थोडा विचार केला. सोनें हा एक आरसाच आहे. त्याच्याकडे पाहतांना आपण पुष्कळसें त्याच्या भोंवतालची खोलीच पाहत असतों. भाचीच्या पाटल्यांवर दिसणारी तांबडी झांक ही माझ्या लुगड्याची होती, हें मला बऱ्याच उशीरां कळलें. उत्तरेच्या खिडकीवर धुतलेलें पांढरें धोतर पसरलें, मुलीला खिडकीकडे बाजू करून बसविलें व दुसऱ्या अंगाला पांढरा पुठ्ठा धरला. पण सारेंच पांढरें केलें तर दागिना सपाट दिसतो. कडा उठण्यास थोडा काळोखहि लागतो, तो पुठ्ठ्याच्या कडेला मिटलेली काळी छत्री उभी करून साधला. जरीचें लुगडें दागिन्याशीं भांडतें म्हणून मुलीला साधें सुती पातळ नेसविलें. कॅमेरा नाकाजवळ नेला कीं नाक आणि नथ दोन्ही फुगतात. चार हात मागें सरावें आणि दूरचें जवळ आणणारें भिंग असल्यास तें वापरावें. मागें काळा पडदा असला तर यंत्र आपण होऊन चित्र उजळतें व मोती जळून जातात, तेव्हां उजेड बोटानें उतरवून घ्यावा. चेहरा गुळगुळीत करणारी जी सोय असते ती मात्र बंदच ठेवावी. कातडीबरोबर ती मोत्याचाहि रंग बदलते. "मुलगी जरा उजळ घेतली असती तर!" असें शेजारच्या बाईंनीं सुचविलें. सांवळ्या मानेवर मोत्यांची ओळ जितकी स्पष्ट उठते तितकी गोऱ्या मानेवर उठत नाहीं. आणि उठत असती, तरी तें सुचविणें मला रुचलें नसतें.

माझ्या आजेसासूबाईंचें एक छायाचित्र आमच्या माजघरांत आहे. त्यांत मोत्याची नथ लखलखते आणि सोन्याची ठुशी मात्र काळ्या पोतीसारखी दिसते. जुन्या कांचांवरील रसायनाला निळा प्रकाश चटकन् दिसे, पिवळा फार थोडा आणि तांबडा जवळजवळ नाहींच. म्हणून सोनें काळवंडे. पुष्कळ चित्रगृहांत मग चित्रकार बसवून छापील चित्रावरच्या दागिन्यांना सोनेरी रंग देत. पण त्याहून मोठी अडचण स्त्रियांनीं परपुरुषाच्या कॅमेऱ्यासमोर बसण्याची होती. राजा दीनदयाळ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या छायाचित्रकारांनीं १८९२ सालीं हैदराबादेस केवळ स्त्रियांसाठीं निराळें चित्रगृह उघडलें व तें एका इंग्रज बाईच्या हातीं सोंपविलें. चित्र काढणार कोण, हा पेंच त्यांनीं असा सोडविला. चित्र पाहणार कोण, हा आमच्या वांट्यास आला.

भाचीचीं चित्रें सुंदर आलीं, दागिने पटापट गेले, आणि महिन्याभरांत कोणा दुकानदारानें त्यांतलेंच एक चित्र उचलून आपल्या सांच्यांतल्या नकली मालाच्या जाहिरातींत घातलें. हंसणारी मुलगी आमची, दागिने भलत्याचेच. तक्रार केल्यावर कांहीं दिवसांनीं तें निघालें. दरम्यान तें किती हातांत गेलें कोण जाणे. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याप्रमाणें छायाचित्राचा हक्क सामान्यतः काढणाऱ्याचा किंवा पैसे देऊन काढविणाऱ्याचा असतो. केवळ चेहरा आपला म्हणून चित्र आपलें होत नाहीं. हें मला ठाऊक नव्हतें आणि ऐकून बरें वाटलें नाहीं.

भाऊ संतापला. जाऊबाई घाबरल्या आणि म्हणाल्या, यापुढें हनुवटीच्या खालचेंच चित्र काढूं. त्यावर भाची मला म्हणाली, "म्हणजे आत्या, माझी मान चालेल, मी नको. मग लाकडाचा सांगाडा का नाही आणत?" मला उत्तर सुचलें नाहीं. पुष्कळ वादानंतर एक चिठी तयार झाली. कोणतें चित्र कोठें जाईल, हें तींत लिहायचें. मुलगी म्हणेल तेव्हां आपण तें काढून घ्यायचें. आणि बसल्या दिवसाचे पैसे द्यायचे. घरचीच मुलगी, तिला पैसे कसले, असें प्रथम मींच म्हणालें होतें, तें चुकलें. भावासाठीं म्हणून परीक्षा होईपर्यंत चेहरा दाखवायचा नाहीं, इतकें तिनें मानलें. भाऊ अजून पुरता राजी नाहीं.

नथीचें मात्र अडून बसलें. चेहरा वगळून तन्मणी दाखवितां येतो. नाक दाखवून चेहरा लपवितां येत नाहीं. आम्ही तिघी त्या विचारांत असतां माझ्या चुलतसासूबाई, काकू, जपाची माळ बाजूस ठेवून म्हणाल्या, "माझं नाक चालेल का गं?"

काकूंचें वय अठ्ठ्याहत्तर. काका जाऊन अकरा वर्षें झालीं. तेव्हांपासून नथ नाहीं. २०२२ सालीं कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाडच्या ग्रामपंचायतीनें विधवांचे अलंकार उतरविण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हां आम्हीं तें वृत्त घरांत मोठ्यानें वाचून वाखाणलें होतें. काकू तेथेंच बसल्या होत्या. त्यांना कोणीं कांहीं विचारलें नव्हतें.

नाकाचें भोंक बुजलें होतें, म्हणून जाऊबाईंनीं चापाची नथ काढली. त्यांचे हात कांपत होते. त्यांनीं ती फार ताठ बसविली, तेव्हां काकूंनीं आरसा न मागतां बोटानें किंचित् गालाकडे वळविली. कॅमेरा भाचीच्या हातीं होता. खिडकीच्या उजेडांत सुरकुत्या खोल दिसत होत्या; तिनें पुठ्ठा जवळ आणून पाहिला आणि पुन्हा दूर केला. चित्रें पुरीं झालीं तों चहाची वेळ झाली. नथ काढा असें कोणीं म्हटलें नाहीं, त्यांनींहि ती काढली नाहीं. कपबशी उजव्या हातांत घेऊन डाव्या हाताच्या एका बोटानें त्यांनीं नथ अलगद वर केली आणि चहा घेतला.

चित्र अद्याप जाऊबाईंच्या मोबाइलमध्येंच आहे. काकूंचे चिरंजीव पुढल्या आठवड्यांत येणार, त्यांना दाखवून मग पाठवावें असें जाऊबाईंना वाटतें. काकूंना तसें वाटत नाहीं. त्या चिठीवर आपली सही कोठें करायची, असें त्यांनीं मला काल विचारलें.