हेपारिनच्या इतिहासाची साधने

शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या रक्तात गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या त्वचेखाली हेपारिन, किंवा त्यापासूनच बनवलेले औषध, टोचतात.

त्याचा इतिहास बहुधा 1916 च्या बाल्टिमोरपासून सांगितला जातो. मॅक्लीन हा वैद्यकाचा विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. हाती लागला नेमका उलट गुणाचा. त्याचे मार्गदर्शक हॉवेल यांनी 1918 मध्ये ‘हेपारिन’ हे नाव रूढ केले. पुढे श्रेयाचा वाद रंगला. मला तो गौण वाटतो. (आम्ही इतिहासाचे विद्यार्थी नावांमागे फार धावतो.)

महत्त्वाचा आहे तो कच्चा माल. आरंभी कुत्र्याचे यकृत, मग गुरांची फुप्फुसे, आज मुख्यतः डुकराची आतडी. आणि मोठा पुरवठादार चीन. 2008 मध्ये तिथून आलेल्या भेसळयुक्त मालामुळे अमेरिकेत रुग्ण दगावले. 2020 मध्ये आयात महागली आणि भारतात हेपारिनची कमाल किंमत 50 टक्क्यांनी वाढवावी लागली; तीही ऐन कोविडमध्ये, गुठळ्या रोखण्यासाठी हेच औषध हवे असताना.

गडहिंग्लजकरांनो, त्या वर्षाची औषधांची बिले घरात असतील तर रद्दीत घालू नका. या इतिहासाची आपल्याकडची साधने तीच आहेत.