दोरा सोडा, कॅमेरा धरा

नाशिकहून नवऱ्याच्या बदलीमुळे चेन्नईला गेलेल्या माझ्या मैत्रिणीचा फोन आला. "अगं, आमचे चिरंजीव चतुर पकडतात आणि शेपटीला दोरा बांधून उडवतात. रागावलं तर म्हणतात, बाबासुद्धा असंच करायचे!" बाबांची अर्थातच बोलती बंद. आपल्यापैकी कितीजणांनी लहानपणी हा खेळ केला असेल! मी म्हटलं, "नुसता दोरा हिसकावू नकोस. त्याच्या हातात कॅमेरा दे आणि रविवारी सकाळी पळ्ळिकरणैला जा."

दक्षिण चेन्नईतली ही दलदल २००७ साली राखीव वन झाली आणि २०२२ मध्ये तिला रामसर क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. कडेला फेरफटका मारण्यासाठी उद्यान आहे. तमिळमध्ये चतुराला तुंबी म्हणतात. चतुर बसताना पंख पसरून ठेवतो. त्याची नाजूक बहीण टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते. ही खूण मुलांना पटकन कळते.

फोटोसाठी भल्या सकाळी जावे. ऊन चढेपर्यंत या कीटकांचे अंग गरम होत नाही, म्हणून ते सहसा लगेच उडत नाहीत. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका, हळूहळू पुढे सरका. चतुर उडाला तरी पाठलाग नको. बरेच चतुर फिरून त्याच काडीवर येऊन बसतात. तिथेच कॅमेरा रोखून थांबा. कॅमेरा पंखांना समांतर धरलात तर संपूर्ण पंख स्पष्ट येतील. नेम मात्र डोळ्यांवर धरा. भर उन्हात काही चतुर शेपूट थेट आकाशाकडे उभारतात. अंगाला ऊन कमी लागावे म्हणून केलेली ही कसरत टिपण्याजोगी असते. फुलपाखरे हवी असतील तर ओल्या मातीकडे पाहा. क्षार शोषण्यासाठी तिथे बहुधा नर फुलपाखरे जमतात.

कित्येक हौशी मंडळी कीटक हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवतात. तसे कधीही करू नका. दोरा आणि फ्रिज यांत फरक तो काय?

या इवल्या जिवाची झेप तरी पाहा! जगभर भटकणारा एक पिवळसर चतुर भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावा, असे चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली मांडले. जाण्यायेण्याचा हा प्रवास काही पिढ्या मिळून पुरा करतात.

पण एवढ्या भटक्यालाही अंडी घालायला पाणीच लागते. त्याच्या अळ्या पाण्यात वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात. पळ्ळिकरणै पूर्वी कितीतरी मोठी होती. इमारती, रस्ते आणि पेरुंगुडीच्या कचरा डेपोने तिचा मोठा भाग गिळला. दक्षिण चेन्नईच्या तलावांचे पाणी याच दलदलीतून समुद्राकडे जाते. पाण्याची जागा बुजवली की ते घरात शिरते, हे डिसेंबर २०१५ च्या पुरात चेन्नईकरांनी अनुभवले. म्हणून प्रत्येक फोटोमागे तारीख आणि जागा लिहून ठेवायची सवय मुलांना लावा. कालपर्यंत इथे कोण राहत होते, याचा तो पुरावा असतो.

गेल्या आठवड्यात मैत्रिणीचे पत्र आले. सोबत एक फोटो. चिरंजीवांनी काढलेले अकरा फोटो हलले, बारावा जमला. लाल चतुर, डोळे लख्ख. मागे वेड्यावाकड्या अक्षरांत तारीख आणि 'पळ्ळिकरणै'. खाली मैत्रिणीची एक ओळ होती : "दोऱ्याचं रीळ माझ्या शिवणाच्या डब्यात परत आलं बरं का!"