राजीनामा मागून घेऊ नये : टाटा सन्सच्या अध्यक्षांस अनावृत पत्र

मा. श्री. नटराजन चंद्रशेखरन,
अध्यक्ष, टाटा सन्स, बॉम्बे हाउस, मुंबई यांस,



टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या 6 लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांवर माणसे, त्यांतही प्रामुख्याने मधल्या आणि वरच्या श्रेणीतली, कमी करण्याचा मनोदय जुलै 2025 च्या अखेरीस जाहीर केला, तेव्हा हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या घराघरांत जी अस्वस्थता पसरली, तिच्यात नोकरी जाण्याच्या भयाबरोबर आणखी एक वेदना मिसळलेली होती. मुलाला टाटांकडे नोकरी लागली म्हणजे त्याचे आयुष्य मार्गी लागले, असे मानणाऱ्या आईबापांच्या दोन पिढ्या महाराष्ट्रात झाल्या आहेत. आणि हा विश्वास जाहिरातींनी निर्माण केलेला नसून आपल्याच पूर्वसूरींच्या आचरणाने निर्माण केलेला आहे.

त्या आचरणाचा आरंभ याच प्रांतात झाला. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा कामगार वारंवार गैरहजर राहतात असे त्यांच्या ध्यानात आले. परंतु दंड आणि बडतर्फीचा सोपा मार्ग न पत्करता त्यांनी बक्षिसे दिली, 1886 साली निवृत्तिवेतनाचा निधी उभारला आणि 1895 साली अपघाताच्या भरपाईची तजवीज केली. पुढे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात 1912 साली आठ तासांचा दिवस आला, 1920 साली भविष्यनिर्वाह निधी आला, 1937 साली उपदान (ग्रॅच्युइटी) आले. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा संसदेने 1952 साली केला आणि उपदानाचा 1972 साली, म्हणजे या दोन्ही बाबतींत टाटा घराणे सरकारच्या 30 वर्षांहून अधिक पुढे होते. कायदा काय म्हणतो हे पाहण्यापूर्वी न्याय्य काय आहे हे पाहावे, असा तो शिरस्ता होता, आणि त्याच शिरस्त्याचा हवाला देऊन मी हे पत्र लिहीत आहे.

कपातीचे कारण म्हणून कंपनीच्या प्रमुखांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव घेतले नाही. ज्यांच्या कौशल्याला अनुरूप काम उरले नाही अशांना मुक्त करावे लागत आहे, असे ते म्हणाले. परंतु त्याच कंपनीने साडेपाच लाखांवर कर्मचाऱ्यांना नव्या तंत्राचे प्राथमिक शिक्षण दिल्याचेही अभिमानाने सांगितले होते. 15-20 वर्षे एका बँकेची किंवा विमा कंपनीची यंत्रणा आपल्या हाताने सांभाळणारा, ग्राहकाच्या सोयीसाठी मध्यरात्री फोनवर हजर राहणारा प्रोजेक्ट मॅनेजर जर एकाएकी निरुपयोगी ठरत असेल, तर त्याला वेळेवर नवे न शिकविण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उरतोच. वर्षाला 48 हजार कोटी रुपयांहून अधिक निव्वळ नफा मिळविणाऱ्या संस्थेने तो प्रश्न त्या माणसाच्याच माथी मारावा, हे मला अन्याय्य वाटते. जून 2025 पासून लागू झालेल्या नियमानुसार तर वर्षातले 225 दिवस ग्राहकाच्या खात्यावर भरले पाहिजेत आणि बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, 35 दिवसांहून अधिक काळ जाता कामा नये. प्रोजेक्ट मिळणे पुष्कळदा कर्मचाऱ्याच्या हाती नसते. न मिळाल्याचे प्रायश्चित्त मात्र त्यालाच घ्यावे लागते.

याहून गंभीर तक्रार राजीनाम्यांची आहे. माणसांकडून राजीनामे दबावाने घेतले जातात, असे कर्मचारी संघटनांनी शासनदरबारी मांडले. कंपनीने हे आक्षेप अमान्य केले असून बाधितांना यथोचित मोबदला दिल्याचे म्हटले आहे, आणि त्यासाठी 1,135 कोटी रुपयांची तरतूदही हिशेबात दाखविली आहे. या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. परंतु राजीनामा आणि कपात यांत काय अंतर आहे हे औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 मध्ये स्पष्ट होते : कपात म्हटली की 1 महिन्याची नोटीस, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचे वेतन आणि सामान्यतः शेवटी आलेला प्रथम जाईल हा क्रम, राजीनामा म्हटला की यांपैकी काहीच मागता येत नाही. त्यात संगणक अभियंता हा कायद्याच्या व्याख्येतला कामगार आहे की नाही, हाच वाद वर्षानुवर्षे चालतो. त्या अधिनियमाच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट 300 किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती ठेवली, आणि तीही कारखाने, खाणी व मळे यांच्यासाठीच. हिंजवडीची काचेची इमारत त्यांत येत नाही. जिथे कायद्याचे छत्र नाही तिथे मालकाच्या सद्बुद्धीवाचून कर्मचाऱ्याला अन्य आधार नसतो.

बदल्यांचेही असेच आहे. नेमणुकीच्या कागदात देशात कोठेही पाठविण्याची मुभा असते, हे खरे. परंतु पुण्यात वृद्ध सासूसासरे, दहावीतला मुलगा आणि 20 वर्षांचे गृहकर्ज असलेल्या स्त्रीला पंधरवड्याच्या मुदतीने दूरच्या शहरी रुजू होण्याचा हुकूम दिला, तर तो हुकूम व्यवहारात नोकरी सोडण्याचाच ठरतो. अशा बदल्यांबाबत पुण्यातील एका कर्मचारी संघटनेने 2023 सालीच शासनाकडे दाद मागितली होती.

या उद्योगाची वाढ परदेशी कंपन्यांनी आपले काम स्वस्तात करून घेण्यासाठी इकडे धाडले म्हणून झाली, आणि त्या कामामागे तिकडच्या कित्येकांच्या जागा गेल्या, हे मान्य केलेच पाहिजे. आज तेच ग्राहक आणखी स्वस्ताई मागत आहेत, आणि अमेरिकेने सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-1बी अर्जांवर 1 लाख डॉलरचे शुल्क लादले आहे. संकट खरे आहे. कंपनीने कधीच कोणाला कमी करू नये, असा माझा आग्रह नाही.

अध्यक्ष महोदय, आपण स्वतः 1987 साली याच कंपनीत प्रशिक्षणार्थी म्हणून दाखल झालात आणि तिथूनच समूहाच्या सर्वोच्च आसनापर्यंत पोहोचलात. तेव्हा बेंचवरच्या माणसाच्या मनाची स्थिती आपणांस कोणी समजावून सांगावी असे नाही. ज्याला कमी करायचे त्याला कपात म्हणूनच कमी करावे, राजीनामा मागून घेऊ नये. निवडीचे निकष आधी जाहीर करावेत. चाळिशी ओलांडलेल्यांना वेतन चालू ठेवून नवे काम शिकण्यास किमान सहा महिने द्यावेत. आणि बदलीस नकार देणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी त्याच्या वरिष्ठांहून स्वतंत्र अशी समिती नेमावी. यांपैकी काय मान्य आहे आणि काय नाही, याचे उत्तर कर्मचाऱ्यांना आपल्या सहीनिशी, लेखी मिळावे, ही विनंती.

कळावे,

आपला,
एक मराठी लेखक