जुना संगणक आणि निर्मळ सूर

घरीं उत्तम संगीत ऐकावयाचें म्हणजे पदरीं पुष्कळ पैसा पाहिजे, अशी समजूत आपल्याकडे फार दिवसांपासून चालत आली आहे. ग्रामोफोन हें जेव्हां श्रीमंतांच्या दिवाणखान्याचें भूषण होतें, तेव्हां ती समजूत कांहीं अंशीं खरीही होती. आज यंत्रें स्वस्त झालीं. परंतु त्यांच्या भोंवतीं कल्पनांचा असा एक बाजार उठला आहे कीं, संगणकावर गाणें ऐकणाऱ्या तरुणास वाटावें, अमुक मोलाची तार आणि अमुक मोलाची पेटी घेतल्यावांचून आपल्या कानीं खरा सूर पडणारच नाहीं. आमचें मत याच्या उलट आहे. घरीं पडून असलेला जुना संगणक, त्यावर लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली आणि थोडें शास्त्रीय ज्ञान, एवढ्या सामग्रीवर या कामीं संगणकाकडून घेण्यासारखी सर्व सेवा घेतां येते. त्यापुढें जो पैसा खर्चावयाचा, तो संगणकावर खर्चूं नये. हें मत आम्ही कां बाळगतों, तें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस येथें सांगावयाचें आहे.

प्रसंगही तसाच आला आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या विंडोज १० या प्रणालीस दिला जाणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केला, आणि तिच्या पुढची प्रणाली अनेक जुन्या संगणकांवर बसत नाहीं. त्यामुळें चालतीं बोलतीं यंत्रें भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढण्याची वेळ आली आहे. अशा यंत्रांस लिनक्सच्या योगानें दुसरें आयुष्य लाभतें. हेलसिंकी येथील विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स नामक एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं या कामास हात घातला, आणि पुढें देशोदेशींच्या असंख्य लोकांच्या सहकार्यानें ही प्रणाली वाढली. तिच्यासाठीं मोल द्यावें लागत नाहीं. शिवाय आंत काय चाललें आहे, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यास पाहतां येतें. संगीताच्या दृष्टीनें हा दुसरा गुण पहिल्याहून मोठा आहे.

आधीं हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, संगणकांत संगीत नसतें, केवळ अंक असतात. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडी नामक तबकडीवर ध्वनीची उंची दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजून लिहिलेली असते, आणि प्रत्येक मोजणीस ६५,५३६ पायऱ्यांची मोजपट्टी लावलेली असते. इतक्याच वेळां कां, असें कोणी विचारील. मनुष्याचा कान सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपलीकडचा ध्वनि ऐकत नाहीं. आणि हॅरी नाय्क्विस्ट व क्लॉड शॅनन या विद्वानांच्या १९२८ व १९४९ सालच्या लेखांनीं प्रस्थापित झालेला सिद्धान्त असें सांगतो कीं, कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळां मोजणी केली म्हणजे मूळ लहर पुन्हां जशीच्या तशी उभारतां येते. दोन्ही बाजूंचा ध्वनि धरून एका तासाच्या गायनाचे ६३,५०,४०,००० बाइट होतात. हा गुणाकार विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या फ्लॅक या पद्धतीनें हेच अंक बरेच कमी जागेंत राहतात, आणि उलगडतांच एकही अंक न गमावतां परत मिळतात. प्रवासास निघतांना कपड्यांची नीट घडी घालून पेटी भरावी, तसा हा प्रकार आहे. एमपीथ्री या पद्धतींत पेटी लहान म्हणून कांहीं कपडे घरींच ठेवले जातात. कोणते ठेवावे याची निवड चतुराईनें केलेली असते, एवढेंच.

तेव्हां संगणकाचें काम निरोप्याचें आहे. घरून दिलेला निरोप त्यानें शब्दशः, वेळेवर आणि आपली कटकट न मिसळतां पोंचवावा. यापेक्षां अधिक गुण निरोप्याच्या अंगीं असूं शकत नाहीं, आणि म्हणूनच निरोप्यास भरजरी पोशाख चढवून निरोप गोड होत नाहीं. त्याच्याकडून तीनच चुका संभवतात, आणि लिनक्समध्यें तिन्हींवर उपाय आहेत.

पहिली चूक निरोप बदलण्याची. लिनक्समध्यें ध्वनियंत्राशीं प्रत्यक्ष व्यवहार आल्सा नामक भाग करतो, आणि त्याच्यावर आजकाल बहुधा पाइपवायर नांवाचा व्यवस्थापक बसविलेला असतो. हा व्यवस्थापक सर्व आवाज एकत्र मिसळून साधारणतः सेकंदास ४८,००० या गतीनें पुढें धाडतो. सीडीवरील संगीत ४४,१०० गतीचें असल्यामुळें त्याचे अंक वाटेंत नव्यानें गणले जातात. ही गणना आतां इतकी सुधारली आहे कीं बहुतेकांच्या कानास फरक कळणार नाहीं, हें आम्ही प्रामाणिकपणें मान्य करतों. तथापि जो बदल करण्याचें कारणच नाहीं तो कां करावा? पाइपवायरच्या मान्य गतींच्या यादींत ४४,१०० हा आंकडा लिहिला, अथवा एमपीडी नामक वादक कार्यक्रमास आल्साच्या थेट दाराशीं नेऊन सोडलें, कीं काम झालें. गाणें चालूं असतांना यंत्र कोणत्या गतीनें चाललें आहे, हें आल्सा एका लहानशा नोंदींत लिहून ठेवतो. ती उघडून वाचतां येते. ऐकीव गोष्टीवर विसंबण्याचें कारण उरत नाहीं. आवाज कमी करावयाचा तो शक्य तों संगणकांत न करतां ध्वनिवर्धकाच्या चकतीनें करावा. मात्र संगणकाचा आवाज पूर्ण करण्यापूर्वीं ती चकती अगदीं खालीं आणण्यास विसरूं नये, नाहीं तर कर्ण्याची व कानांची दोन्हींची हानि होईल.

दुसरी चूक वेळ चुकण्याची. अंक पोंचण्यास क्षणाचाही विलंब झाला कीं सुरांत टक्‌ असा आवाज येतो किंवा खंड पडतो. याची परीक्षा करण्यास तंबोऱ्याइतकें उत्तम साधन नाहीं. त्याचा अखंड झंकार पांच मिनिटें ऐकावा. लहानसा तडाही लपून राहत नाहीं. यावर उपाय म्हणजे मधला सांठा मोठा ठेवणें. शहरांत नळास पाणी ठराविक वेळींच येतें, तरी गच्चीवर टांकी असली म्हणजे घरांत तोटी केव्हांही वाहते. संगणकांतील हा सांठा अर्ध्या सेकंदाचा असला तरी श्रोत्यास पुरून उरतो. कित्येकजण याकरितां लिनक्सचा तत्काळ प्रतिसाद देणारा विशेष गाभा बसवावा असें सांगतात. अनेक वर्षांच्या खटाटोपानंतर तो गुण २०२४ सालीं निघालेल्या ६.१२ या आवृत्तीपासून मुख्य गाभ्यांतच समाविष्ट झाला, हें खरें. पण त्याची गरज कोणास? जो गवई वा वादक संगणकांतून स्वतःचा आवाज त्याच क्षणीं ऐकूं इच्छितो त्यास. नुसतें ऐकणारास टांकी मोठी असणें हेंच श्रेयस्कर. गाणें सुरू होतांना टक्‌ असा आवाज येत असेल, तर वीज वांचविण्यासाठीं ध्वनियंत्र मधूनमधून झोंपीं जाण्याची जी योजना असते, ती बंद करावी.

तिसरी चूक आपली कटकट मिसळण्याची, आणि आमच्या मतें जुन्या संगणकांत हीच सर्वांत मोठी असते. लाखांतील एका भागाच्या सूक्ष्म फरकावर रात्ररात्र वाद घालावा आणि शेजारीं पंखा घरघरत असावा, याहून हास्यास्पद तें काय? पंख्यावरची धूळ काढावी, फिरत्या तबकडीऐवजीं निश्चल स्मृति बसवावी, आणि जमल्यास यंत्र दुसऱ्या खोलींत ठेवावें. संगणकाच्या आंतील ध्वनिभागांतून गुणगुण ऐकूं येत असल्यास यूएसबीनें जोडावयाचें, अंकांचें विद्युल्लहरींत रूपांतर करणारें लहानसें बाहेरचें यंत्र घ्यावें. त्यास डॅक म्हणतात, आणि त्याचें नेहमींच्या प्रकारचें यंत्र लिनक्स बहुधा आपोआप ओळखतें. आजच्या पुष्कळ डॅकमध्यें काळाचा ठेका त्याच्या स्वतःच्या घड्याळावर चालतो. संगणकानें केवळ अंक पुरवावयाचे. मग हा संगणक जुना कीं नवा, महाग कीं स्वस्त, हा प्रश्नच कितीसा उरला?

आतां कोणी म्हणेल, सीडीहून अधिक अंकांच्या ध्वनिमुद्रिका मिळतात, त्यांसाठीं तरी मोठें यंत्र नको काय? यावर प्रयोग झालेले आहेत. मेयर व मोरन या दोघांनीं २००७ सालीं अमेरिकेंतील ध्वनिशास्त्राच्या नियतकालिकांत जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यांत श्रोत्यांस कोणतें संगीत चाललें आहे हें न सांगतां ५५४ वेळां ओळखण्यास लाविलें. उत्तरें २७६ वेळां बरोबर आलीं. डोळे मिटून नाणें उडविलें असतें तरी इतकींच आलीं असतीं. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठांतील जोशुआ राइस यांनीं २०१६ सालीं अशा १८ प्रयोगांचा एकत्र हिशेब केला, तेव्हां बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ५२.३ भरलें, आणि ज्यांच्या कानांस तशी तालीम दिली होती त्यांचें याहून अधिक. म्हणजे फरक असेल. पण तो इतका बारीक आहे कीं त्यासाठीं मध्यम स्थितींतील कुटुंबानें कर्ज काढावें असा तो खचित नव्हे. शिवाय ते अधिक अंक वाहून नेण्यासही साधाच संगणक पुरतो.

हा प्रयोग विद्यार्थ्यांस घरीं करतां येईल. दोन मित्रांपैकीं एकानें नाणें उडवून फ्लॅक वा एमपीथ्री यांतील एक वाजवावें, दुसऱ्यानें न पाहतां ओळखावें, आणि असें सोळा वेळां करावें. दोहोंचा आवाज सारखा ठेवणें अगत्याचें आहे. कारण जें किंचित्‌ मोठें तेंच मनुष्यास अधिक गोड वाटतें. सोळांपैकीं बारा अथवा अधिक उत्तरें निव्वळ दैवानें बरोबर येण्याचा संभव ६५,५३६ पैकीं २,५१७, म्हणजे शंभरांत चारांहूनही कमी आहे. तितकीं आलीं तर कान खरोखरच कांहीं ऐकतो असें मानण्यास जागा आहे; न आलीं तर त्यांत लाज नाहीं, उलट पैसे वांचले.

वांचलेला पैसा कोठें लावावा? आधीं कर्ण्यांकडे व खोलीकडे. उघड्या भिंतींच्या रिकाम्या खोलींत उत्तम गायनही घुमतें. तेथें सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांनीं भरलेलें कपाट जें करतील, तें कोणतीही मोलाची तार करणार नाहीं. कर्णे भिंतीस टेंकून न ठेवतां थोडे पुढें घ्यावे आणि त्यांचीं तोंडें ऐकणाराच्या कानांच्या उंचीवर आणावीं. यास तर एक पैही लागत नाहीं. नंतर मूळ ध्वनिमुद्रणाकडे लक्ष द्यावें. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें तबकडीवर घेतलें गेलें, तेव्हां जें तीन मिनिटांच्या मेणांत उतरलें नाहीं, तें आजचा कोणताही संगणक आणूं शकत नाहीं. आणि त्या खरखरींतूनही रसिक आजवर तें गाणें ऐकत आले आहेत. आपल्या मैफलींच्या सीडींत आलाप व चीज यांचे वेगवेगळे तुकडे पाडलेले असतात. त्यांच्या सांध्यावर क्षणभर शांतता पडली कीं रंगाचा बेरंग होतो. एमपीडीसारखा कार्यक्रम ते तुकडे सलग वाजवितो. आमच्या मतें ही एक सोय सर्व महागड्या तारांहून अधिक मोलाची आहे.

पालकांचा एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. मुलगा गाणें ऐकण्याऐवजीं यंत्रच खोलीत बसेल, आणि अभ्यास बाजूस राहील. हें भय निराधार नाहीं. ज्यास रोज नवी आवृत्ति बसविण्याचा नाद लागला, त्याच्या वांट्यास संगीत क्वचितच येतें. म्हणून आमची सूचना अशी कीं, सुट्टींतील दोन दिवस या कामास नेमून द्यावे. प्रथम संगणकांतील घरचे फोटो व कागदपत्रें दुसरीकडे उतरून घ्यावीं, वडील मंडळींची परवानगी घ्यावी, आणि मगच जुनी प्रणाली पुसावी. पहिल्या दिवशीं लिनक्स व वादक कार्यक्रम बसवावा. दुसऱ्या दिवशीं वर सांगितलेल्या तीन चुकांची तपासणी करावी, केलेला प्रत्येक बदल वहींत टिपावा, आणि तंबोऱ्याची परीक्षा उतरतांच वही मिटावी. त्यानंतर यंत्रास हात लावावयाचा तो कांहीं बिघडल्यासच.

या खटपटींत मुलास जें शिकावयास मिळेल, तें संगीतापुरतें राहणार नाहीं. विकणारा सांगतो तें खरें कीं खोटें, हें आपल्या कानानें, गणितानें व प्रयोगानें ठरवितां येतें, ही खात्री ज्यास तरुणपणीं पटली, तो पुढें औषध घेतांना, यंत्र घेतांना व मत देतांनाही सहसा फसणार नाहीं. तेव्हां पालकांनीं जुना संगणक भंगारांत देण्यापूर्वीं एकवार मुलांच्या हवालीं करावा. आणि विद्यार्थ्यांनीं तो सिद्ध झाल्यावर आपल्या खोलीचें दार लावून न घेतां आजीआजोबांस बोलवावें आणि त्यांच्या आवडीचें गाणें सर्वांआधीं लावावें.